डाव्या कडेचं धुकं

११ जून

मेदेर,

हे पत्र जीपवाले जोल्दोश आके तुझ्या हातात देतील. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. बाबा गेल्यानंतरच्या चाळिसाव्याला त्यांच्याच करड्या घोड्याचं मांस पुढ्यात आलं आणि मी दस्तरखानावरून उठून गेले. तेव्हापासून तू थोरल्या बहिणीच्या, माझ्या, दारावरून जाताना मान दुसरीकडे फिरवतोस. तो घोडा कापायचा नाही असं बाबा सांगून गेले होते, आणि ते मी सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर बोलले. चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण आजचा विषय तो नाही.

आजचा विषय तुझा तंबू. ओढ्याकाठचा तंबू उचल आणि वर लाल टेकाडावर लाव. दोन-चार दिवस तरी.

कारण सांगते. शाळेची बाई उन्हात डोंगराचे फोटो काढत बसते, एवढंच तू ऐकलं असशील. मी वरच्या तळ्याचा बांध बघते. दगडमातीचा तो ढीग हिमनदीनं आणून टाकलेला आहे आणि त्याच्या पोटात बर्फ आहे, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. बर्फ वितळलं की बांध पोकळ होतो. म्हणून शहरातल्या संस्थेनं गावाला कॅमेरा द्यायचं ठरवलं. समोरच्या कड्यावरून रोज एकाच जागेवरून फोटो काढायचा आणि कालचा आजच्याशी ताडून बघायचा.

निवडायला त्यांनी दोन संच दिले. मे महिन्यात जुना, जड. या महिन्यात नवा, हलका. एकाची लेन्स दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला बसत नाही, त्यामुळे जो घेऊ तो वर्षानुवर्षं घ्यावा लागणार. सोबत चाचणीचे कागद होते. लेन्स किती रेखीव चित्र देते त्याचा आकडा. नव्याचा आकडा मोठा.

गावातले सगळ्यांत वडीलधारे, असानकुल अक्सकाल, म्हणाले, "मोठा आहे ना? मग विषय संपला. घोड्याचे दात बघतात तेव्हा तू वाद घालतेस का?"

मी म्हटलं, "दातांवरून घोड्याचं वय कळतं. तो पळेल का ते कळत नाही."

"मग हाच घ्या, हा तरुण आहे!" ते म्हणाले. सगळे दाढीत हसले आणि जड संच परत गेला.

आता ऐक. मेच्या फोटोत बांधाची डावी कड स्वच्छ दिसत होती, दगड न् दगड वेगळा. जूनच्या फोटोत तिथं धुकं आहे. ढग नाही, धूळ नाही, दगडांच्या कडा पुसल्यासारख्या. मधे दोन गोष्टी बदलल्या. कॅमेरा बदलला आणि ऊन वाढलं. धुकं कशामुळे आलं ते मला ठरवता येत नाही. ठरेपर्यंत वर राहा. तू नाही, तर निदान तुझी बायको चोलपोन आणि मुली.

जोल्दोश आके हे लिहिताना शेजारी बसून सूर्यफुलाचं बी सोलतायत. म्हणतात, "पोरी, काचेतून बघून तळं फुटत नसतं." मी म्हटलं, न बघूनही थांबत नसतं.

तुझी एजे,
बेगिमाय


१५ जून

मेदेर,

तू वर गेलास. जोल्दोश आकेंनी सगळं सांगितलं, तुझ्या आवाजात सांगितलं. "बाईंचा हुकूम आलाय, उचला घर!" आणि चोलपोन तान्हीला पाठीशी बांधून पाण्यासाठी टेकाड चढते-उतरते हेही सांगितलं. ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. म्हणून मी बसून न राहता लेन्सचीच परीक्षा घेतली.

शाळेच्या मागच्या भिंतीवर आईनं शिवलेला नक्षीचा गालिचा, तिचा शिर्दाक, टांगला. माझ्या वाट्याचा, पांढऱ्यावर तांबडा. दोन रंगांचे लोकरीचे नमदे एकावर एक ठेवून आईनं एकदमच कापले होते, म्हणून त्याचा जोडीदार तुझ्या तंबूत आहे, तांबड्यावर पांढरा. तू लहानपणी म्हणायचास, माझा आधी कापला. त्याच्या नक्षीची शिंगं मधोमधही आहेत आणि चारी कोपऱ्यांतही. शिवणीची कड सुरीसारखी. लेन्स तपासायला याहून चांगला तक्ता शहरातही मिळायचा नाही. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवला, भिंतीला अगदी समोरासमोर, आणि हात न लावता फोटो काढला.

मधली शिंगं कातरल्यासारखी. उजवीकडची तशीच. डावीकडची भिजल्यासारखी, फुगलेली, रंगात रंग मिसळलेला.

मग तो चाचणीचा कागद पुन्हा काढला आणि या वेळी आकडा सोडून खालची बारीक अक्षरं वाचली. तो आकडा बंद खोलीत, चार पावलांवरच्या तक्त्यावरून काढलेला, आणि तोही चित्राच्या मध्यभागाचा. कडांचा वेगळा आहे, पण तो शेवटी, लहान अक्षरांत. शिवाय परीक्षा झाली ती कुठल्या तरी एका लेन्सची, आपल्या हातातल्या लेन्सची नव्हे. एका घोडीची दोन शिंगरं सारखी निघतात का? आणि आकडा एकट्या लेन्सचा नसतोच, मागच्या कॅमेऱ्यासकट असतो. दोन वेगवेगळ्या संचांचे आकडे शेजारी ठेवून थोरला-धाकटा ठरवणं म्हणजे एका दोरीची लांबी तू हातानं मोजायची, दुसरीची तुझ्या चिमुरड्या सेझिमनं तिच्या हातानं, आणि मग कुठली मोठी म्हणून भांडायचं. आपण तेच केलं. मीही केलं. सही माझीही आहे.

म्हणजे आपल्या वाट्याला आलेल्या या लेन्समध्ये काच किंचित तिरकी बसली आहे, आणि ती डावीकडे आंधळी आहे. धुकं लेन्सचं आहे. बांध ठीक आहे.

तू ओढ्यावर परत ये. चोलपोनला सांग, एजेला माफ कर. अक्सकालांना मी लेन्सचं सांगितलं तर म्हणतात, "डाव्या डोळ्यानं आंधळा घोडाही गाडी ओढतोच की." संस्थेला कळवलं आहे, जड संच परत मागवला आहे.

सेझिमची दुसरीची पुस्तकं पाठवते आहे. रोज एक पान वाचायला लाव.

बेगिमाय


१९ जून

मेदेर,

आधी वर जा, मग पुढचं वाच.

मी चुकीचं सांगितलं. खोटं नाही, चुकीचं. लेन्स आंधळी आहे ते खरंच आहे. पण धुकंही खरं आहे.

काल संस्थेच्या दुरुस्तीवाल्याशी फोनवर बोलले. तो म्हणाला, "बाई, खात्री करायची सोपी रीत आहे. कॅमेरा उलटा करा, डोकं खाली, आणि तोच फोटो पुन्हा काढा. दोष लेन्सचा असेल तर तो लेन्सबरोबर फिरेल आणि दुसऱ्या बाजूला जाईल." मी शिर्दाकावर करून बघितलं. तंतोतंत तसंच झालं. डावीकडची शिंगं रेखीव झाली आणि उजवीकडची भिजली. मला इतकं हायसं वाटलं की वर्गातल्या मुलांना मी तो खेळ म्हणून दाखवला.

आज सकाळी कड्यावर गेले तेव्हा तिथंही कॅमेरा उलटा केला. गरज नव्हती. हिशेब पुरा करावा म्हणून केला. फोटो संगणकावर सरळ करून बघितला. उजवीकडचा कडा भिजलेला, जसा व्हायला हवा तसा. डावीकडे बांधाच्या कडेवरचे दगड रेखीव. लहान लहान खडेसुद्धा दिसत होते. आणि त्या रेखीव दगडांच्या मधोमध, घरच्या दाराएवढ्या जागेत, धुकं तसंच.

मी पुन्हा काढला. मग सरळ, मग उलटा.  ते जागचं हललं नाही. ते पाणी आहे, मेदेर. बांधाच्या अंगातून बारीक फवारा सुटतोय आणि वाऱ्यानं पसरतोय. लेन्सचा दोष नेमका त्याच बाजूला होता, म्हणून मी त्याच्या आडून बांधाकडे बघितलंच नाही. एक कारण सापडलं आणि मी दुसरं शोधायचं सोडून दिलं.

आणि तुला खाली बोलावलं.

हे पत्र जोल्दोश आके लगेच घेऊन निघतायत. त्यांनी या वेळी थट्टा केली नाही. वर जा.

एजे


२० जून

मेदेर,

तुझा निरोप पोचला. "एजेला सांग, डोळे धू. परवा वर, काल खाली, आज पुन्हा वर. मी घर पाठीवर घेतलेली गोगलगाय नाही." आणि बरोबर कुरुतची पिशवी. रागावलेला माणूस सुक्या दह्याचे गोळे पाठवत नाही, म्हणून ती चोलपोननं दिली असणार.

आणखी एक वाक्य जोल्दोश आकेंनी आधी गिळलं होतं, मग मी खोदून विचारल्यावर सांगितलं. "कॅमेरा उलटा धरते म्हणे. उलटं धरणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही." तू हे बोलणारच. लहानपणी मी तुझा काल्पाक उलटा करून त्यात जर्दाळू गोळा केले होते, तर तू बाबांच्याही आधी ओरडलास. माणसाची टोपी उलटी झाली की त्याचं दैव सांडतं, म्हणालास. सहा वर्षांचा होतास.

तुला लेन्स कळावी असं माझं म्हणणं नाही. एवढंच कर. तुझ्या डोळ्यात कुसळ गेलं आणि समोर डाग दिसला, तर तू काय करशील? मान फिरवशील. डाग मानेबरोबर फिरला तर तो डोळ्यातला. तिथंच राहिला तर तो भिंतीवरचा. मी कॅमेऱ्याची मान फिरवली. एक डाग फिरला. एक तिथंच राहिला. याहून जास्त मला काही सांगायचं नाही.

जिल्ह्याची माणसं सोमवारी येतो म्हणालीत. खालच्या आळीतली घरं आम्ही शाळेत हलवली. अक्सकाल स्वतः गादी घेऊन आले आणि सगळ्यांना सांगतायत की कॅमेरा उलटा करायचं त्यांनीच सुचवलं होतं. सांगू देत. माणसं हलली.

तू म्हणशील, एवढी भीती वाटते तर स्वतः का येत नाहीस. घोड्यावरून एका दिवसाची वाट आहे, मला माहीत आहे. पण गावाला लागेल असा फोन फक्त या कड्यावरून लागतो. मी इथून उठले तर भोंगा वाजवायला कोण सांगणार? म्हणून मी इथं बसते, आणि लेन्स बांधावरून हलवून तुझ्या कुरणावर नेते. सगळं दिसतं. तू घोडीचं दूध काढताना दिसतोस. चोलपोन ओढ्यात मुलीची दुपटी पिळते. सेझिम पाण्यात दगड टाकते, मग दुसरा आणायला पळते. तुझा काल्पाक दाराच्या खांबावर टांगलेला असतो, अर्थातच सरळ. तुम्ही इतके जवळ दिसता की मी परवा चक्क हाक मारली. मग लक्षात आलं, मधे अख्खी दरी आहे. बघता येतं आणि ओरडता येत नाही, याहून वाईट काही मी अजून पाहिलेलं नाही.

सांजवेळी मी नजर वर नेते. धुकं काल दाराएवढं होतं. आज गोठ्याच्या दाराएवढं आहे.

माझ्याशी बोलू नकोस. आयुष्यभर बोलू नकोस. मी मेले तर माझ्या चाळिसाव्यालाही येऊ नकोस. पण लाल टेकाडावर जा, आणि गेलास की काहीतरी खूण कर. माझ्यासमोर तू रोज असतोस. मी दिसत नाही एवढंच.

एजे


२२ जून, सकाळ, कड्यावर

मेदेर,

हे घेऊन जायला कोणी नाही. तरी लिहिते, नाहीतर हात स्वस्थ राहत नाहीत.

काल दुपारी जोल्दोश आकेंची जीप तुझ्या तंबूपाशी थांबलेली दिसली. माझं पत्र सेझिमच्या हातात होतं. तिला तू वाचायला लावलंस. तू घोडीपाशी बसून होतास, पाठ तिच्याकडे. ती बोट ठेवून ठेवून वाचत होती, मधे अडत होती, तुला विचारत होती, आणि तू मान वर न करता सांगत होतास. कुठल्या शब्दाला अडली असेल? मग ढग खाली उतरले आणि मला काही दिसेनासं झालं.

आज ढग उठल्याबरोबर लेन्स लावली. तंबू नाही. तंबूच्या जागी पिवळ्या गवताचा गोल आहे, ताटासारखा स्वच्छ. घोड्या नाहीत. जीप नाही. दोरीवरची दुपटी नाहीत.

तू हललास. पण कुठं? लाल टेकाडाच्या माथ्याला ढग अजून चिकटलेला आहे. आणि जीप बरोबर असेल तर तू रागाच्या भरात सगळ्यांना घेऊन सरळ गावाची वाट धरली नसशील ना? मला तोंडावर सुनावायला? ती वाट ओढ्याकाठानंच उतरते. मेदेर, तसं केलं नसशील असं म्हण.

आत्ता आवाज झाला. आधी वाटलं मागून ट्रक येतोय. इथं ट्रक कुठला.

डावी कड नाही. धुकं होतं तिथं तपकिरी पाणी आहे आणि बांध त्यात ओघळतोय. शाळेला फोन केला, भोंगा वाजतोय, इथपर्यंत ऐकू येतोय. पाणी तुझ्या कुरणाच्या तोंडाशी आलं. मी लेन्सला डोळा लावून वाटेचं एकेक वळण बघतेय, जीप दिसू नये म्हणून. पहिल्या वळणावर कोणी नाही. दुसऱ्यावर कोणी नाही. पिवळा गोल गेला.

तिसरं वळण दिसत नाही, ते लेन्सच्या बाहेर


२४ जून

मेदेर,

गावात कोणी दगावलं नाही. खालच्या आळीत भिंतीपर्यंत चिखल झाला, पूल गेला, तुझ्याकडची वाट जागोजागी तुटली आहे. जिल्ह्याची माणसं आली, टेकाडापर्यंत पोचायला अजून वेळ लागेल म्हणतात. जोल्दोश आकेंच्या बायकोला मी सांगितलं आहे की जीप दिसते आहे.

हो, दिसते. पण आजच दिसली. त्या दिवशी पाण्यानं उडवलेली ओल दरीत भरून राहिली. कालचा अख्खा दिवस या लेन्सनं मला दूध दाखवलं, पांढरं दूध. मी कॅमेरा सरळ धरला, उलटा धरला. दोन्ही बाजूंना दूध. असानकुल अक्सकाल काठी टेकत कड्यावर चढून आले आणि माझ्या शेजारी बसले. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "पोरी, कागदावरचा आकडा काय होता गं?" मी सांगितला. "बराच मोठा होता," ते म्हणाले, आणि तोंडावरून हात फिरवून दुवा मागितली.

आज ऊन पडलं. लाल टेकाडाची उजवी धार लेन्सच्या चांगल्या बाजूला घेतली. आधी धूर दिसला. मग तंबूचा माथा. मग जीप, तिच्या टपावर जोल्दोश आके आडवे, झोपलेले, तोंड उघडं. चोलपोन दारात, तान्ही तिच्या खांद्यावर. सेझिम दोरी ओढत होती. मी माणसं मोजली, पुन्हा मोजली. घोड्या कमी आहेत. माणसं सगळी आहेत. आईचा शिर्दाक दगडावर वाळत घातला आहेस, तांबड्यावर पांढरा. त्याची शिंगं मला इथून मोजता आली.

मग तू तंबूच्या मागून आलास. माझ्या बाजूला तोंड करून उभा राहिलास. तुला मी दिसत नाही, कडा दिसतो. तू डोक्यावरचा काल्पाक काढलास. मला वाटलं, घाम पुसतोयस. पण तू तो दोन्ही हातांत घेतलास, उलटा केलास, तोंड वर आणि शेंडा खाली, आणि डोक्याच्या वर उंच धरलास. बाबांचा मुलगा, तू. तुझे ओठ हलत होते. सेझिम तुझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होती.

मी फोटो काढला नाही. लेन्सला डोळा लावून बघत राहिले.

कळलं, मेदेर. दिसलं मला. आता सरळ घाल तो डोक्यावर. ऊन फार आहे.

एजे